कपाटातल्या टेपा बाहेर काढा : सत्तरच्या दशकातले ब्रिटिश रॉक फुटेज जवळ बाळगणाऱ्या संग्राहकांना खुले पत्र

संग्राहक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले बरेच जण ब्रिटनमध्ये आहेत, काही जर्मनी-हॉलंडकडे, आणि मोजके का होईना, पण मुंबई, पुणे, गोवा इथेही आहेत. पत्र मराठीत लिहितोय कारण आधी आपल्या माणसांशी बोलायचे आहे. तिकडच्या मंडळींपर्यंत ते पोचवणारे तुमच्यातलेच कोणी ना कोणी निघेल.

आपल्याकडचे फुटेज जे मोकळ्या हाताने वाटत आले, त्यांच्यासाठी हे पत्र नाही. त्यांचे आमच्यासारख्यांवर उपकार आहेत आणि ते फिटणारे नाहीत. मी बोलतोय ते बाकीच्यांशी. तुमच्याजवळ एखाद्या बँडची टीव्हीवरची अशी चित्रफीत आहे जी दुसरीकडे कुठेच दिसत नाही. ती आहे हे चार जाणत्यांना ठाऊक आहे. तुम्ही अधूनमधून तिच्यातला एखादा फोटो दाखवता, फार तर वीस सेकंदांचा तुकडा, त्यावर मोठ्ठे नाव छापून. पूर्ण फीत मात्र वर्षानुवर्षे कपाटातच. माझी मागणी एकच आहे: तिची चांगली प्रत काढा आणि ती द्या. पुढे कधीतरी नाही, यंदाच.

एवढ्या घाईचे कारण सांगायचे तर ब्रिटिश टीव्हीने स्वतःच्या टेपांचे काय केले इथून सुरुवात करावी लागते. 'टॉप ऑफ द पॉप्स' हा बीबीसीचा लोकप्रिय गाण्यांचा कार्यक्रम १ जानेवारी १९६४ रोजी मँचेस्टरमधल्या डिकन्सन रोडवर, एका जुन्या चर्चच्या इमारतीत थाटलेल्या स्टुडिओतून सुरू झाला. दर आठवड्याला एक भाग. पहिल्या बारा-तेरा वर्षांतले बहुतांश भाग आज बीबीसीकडे नाहीत. आग लागली नव्हती, पूर आला नव्हता. दोन इंची व्हिडिओ टेप महाग होती, म्हणून कार्यक्रम दाखवून झाला की तीच पुसून पुढच्या कार्यक्रमाला घ्यायची, ही रीत होती. वादकांच्या आणि नटांच्या संघटनांशी केलेल्या करारांमुळे कार्यक्रम पुन्हा किती वेळा दाखवता येईल यावर बंधने होती. घरोघरी व्हिडिओ नव्हते, त्यामुळे जुना कार्यक्रम कोणी विकत घेईल हे कोणाच्या डोक्यातही येत नव्हते. त्यात १५ नोव्हेंबर १९६९ रोजी बीबीसी वन रंगीत झाली आणि मागच्या कृष्णधवल टेपांना कोणी विचारेनासे झाले. कुठली टेप ठेवायची आणि कुठली नाही, हे बघायला नेमलेले माणूस थेट सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आले.

आपण नावे ठेवायला फार पुढे जाऊ नये. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, आणि आपल्याकडेही टेपा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. पण आज विषय ब्रिटनचा आहे.

या पुसापुशीत काय गेले? पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढलेला, तिथे 'द हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवणारा फारुख बुलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याचा क्वीन हा बँड 'टॉप ऑफ द पॉप्स'वर पहिल्यांदा दिसला तो २१ फेब्रुवारी १९७४ ला. गाणे होते 'सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय'. त्या भागाची मूळ टेप बीबीसीकडे उरलेली नाही. किंग क्रिमसन मार्च १९७० मध्ये याच कार्यक्रमात 'कॅट फूड' वाजवून गेले, तेही गेले. बीबीसी टूवर 'ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट' या रॉक संगीताच्या कार्यक्रमाच्या आधी 'डिस्को टू' नावाचा कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला होता. नावावर जाऊ नका, त्यात नवे रॉक बँड येत, अगदी तरुण जेनेसिससुद्धा. तो तर जवळजवळ सगळाच नाहीसा झाला. या बँडच्या प्लेटा जगभर मिळतात, गाणी तोंडपाठ आहेत, पण ती पोरे वीस-बावीस वर्षांची असताना कॅमेऱ्यासमोर कशी उभी राहत, एकमेकांकडे बघून कसा इशारा करत, कोण घाबरलेले असे, हे फक्त या फितींतच होते.

आता जॉन हेनशॉल यांची गोष्ट घ्या. तुम्हाला ती माहीत आहे, तरीही सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यात आहे.

हेनशॉल बीबीसीत कॅमेरामन होते. ३ जानेवारी १९७३ रोजी डेव्हिड बोवी आपल्या बँडसह 'टॉप ऑफ द पॉप्स'च्या स्टुडिओत 'द जीन जिनी' वाजवायला आला. त्या कार्यक्रमात बहुतेक बँड रेकॉर्डवर नुसते ओठ हलवत. बोवी आणि मंडळींनी मात्र खरोखर वाजवले, खरोखर गायले, आणि मिक रॉन्सनने गिटारवर लांबलचक सोलो घेतला. हेनशॉल यांनी त्या दिवशी स्वतः तयार केलेली एक फिशआय लेन्स कॅमेऱ्याला लावली होती. आपले काम दाखवायला हाताशी असावे म्हणून त्यांनी त्या गाण्याची दोन इंची टेपवर प्रत करून घेतली आणि घरी ठेवली. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम दाखवला गेला. पुढे बीबीसीने मूळ टेप पुसली. हेनशॉल यांना त्याचा पत्ताच नव्हता. बीबीसीकडे ती असणारच असे ते धरून चालले होते. जगात आपलीच प्रत उरली आहे हे त्यांना अडतीस वर्षांनी, २०११ मध्ये कळले. त्याच डिसेंबरात ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या हरवलेल्या कार्यक्रमांच्या वार्षिक खेळात ती दाखवली गेली आणि नाताळच्या सुमारास बीबीसी टूवरही आली.

ती फीत तुम्ही-आम्ही सगळ्यांनी बघितली आहे. रॉन्सन सोलो घेताना बोवी त्याच्याजवळ सरकतो, फिशआय लेन्समुळे कडा वाकलेल्या दिसतात, आणि आजूबाजूची शाळकरी वयाची पोरेपोरी आपण काय बघतोय याची कल्पना नसल्यासारखी डुलत असतात. हेनशॉल यांनी ती टेप एखाद्या आवराआवरीत फेकली असती तर आज आपल्याकडे फक्त तारीख असती. त्यांना माहीत नव्हते म्हणून टेप घरात पडून राहिली. तुम्हाला तर माहीत आहे. तुमच्याकडची प्रत दुर्मिळ आहे, कदाचित एकमेव आहे, हे कळत असून ती दडवणे ही पूर्णपणे वेगळी गोष्ट झाली.

दुसरे उदाहरण ब्रेमेनचे. रेडिओ ब्रेमेन ही तशी छोटी जर्मन रेडिओ-टीव्ही संस्था. तिचा 'बीट-क्लब' हा गाण्यांचा टीव्ही कार्यक्रम १९६५ ते १९७२ चालला आणि तिथल्या लोकांनी टेपा जपल्या. नुसता दाखवलेला कार्यक्रम नव्हे, बँडने स्टुडिओत वाजवलेली इतर टेकसुद्धा. ऑक्टोबर १९७२ मध्ये किंग क्रिमसनचे पाच जण तिथे वाजवून गेले: रॉबर्ट फ्रिप, जॉन वेटन, बिल ब्रुफर्ड, डेव्हिड क्रॉस आणि तालवाद्यांच्या पसाऱ्यात उभा असलेला जेमी म्यूर. म्यूर काही महिन्यांतच बँड सोडून गेला. तो या बँडबरोबर काय करत होता हे डोळ्यांनी बघायचे तर जवळजवळ तेवढे एकच चित्रीकरण आहे. म्यूर २०२५ च्या फेब्रुवारीत गेला. त्या दिवसांत जगभरच्या चाहत्यांनी एकमेकांना पाठवली ती हीच ब्रेमेनची फीत. ती एका जर्मन केंद्राने ठेवली, आणि पुढे चाहत्यांनी कॅसेटवरून कॅसेटवर उतरवत जिवंत ठेवली. फ्रान्सच्या 'पॉप २'चे तेच, हॉलंडच्या 'टॉपपॉप'चे तेच. आपल्या बँडची खुद्द ब्रिटनने पुसलेली वर्षे बघायला आज युरोपातल्या केंद्रांकडे जावे लागते.

आता टेपेच्या आयुष्याबद्दल. चुंबकीय टेप कायम टिकत नाही, हे तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच बजावून ठेवले होते की २०२५ पर्यंत डिजिटल न झालेल्या टेपा बहुधा हातच्या जातील. टेपेपेक्षाही आधी यंत्रे चालली आहेत. दोन इंची टेप वाचणाऱ्या यंत्रात चार हेडचे एक चाक टेपवर आडवे गरगरत असते. ती हेड झिजतात, नवी करून देणारे हात जगात थोडे राहिलेत, आणि ते यंत्र जुळवू शकणारे इंजिनिअर म्हातारे झालेत. फिलिप्सचा एन१५०० हा घरगुती रेकॉर्डर ब्रिटनमध्ये १९७२ मध्ये आला. तेव्हा ज्यांना तो परवडला त्यांच्या घरातल्या कॅसेटमध्ये आज पुसलेले कार्यक्रम सापडू शकतात. पण त्या कॅसेट वाचणारी चालू यंत्रे शोधून दाखवा! काही जातींच्या टेपेवरचा थर चिकट होतो, मग त्या मंद आचेवर तासन् तास भाजून घ्याव्या लागतात, आणि त्यानंतर मिळणारी संधी बहुधा एखाददुसरीच असते.

आपल्या हवेत तर विचारूच नका. दादरच्या एका गृहस्थांकडून माझ्याकडे व्हीएचएस कॅसेटची एक पिशवी आली होती. त्यांचा भाऊ लेस्टरला असे. तो टीव्हीवरचे रेकॉर्ड करून सुट्टीवर येताना घेऊन येई. ब्रिटनची टीव्ही पद्धत आपल्यासारखीच पाल असल्याने त्या कॅसेट इथल्या व्हीसीआरवर नीट चालत. अमेरिकेहून आलेल्या चालत नसत. एका कॅसेटच्या खिडकीतून आत बघितले तर गुंडाळीच्या कडेवर पांढरी बुरशी, पिठी सांडल्यासारखी. अशी कॅसेट तशीच यंत्रात घातली की हेड खराब होते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागण होते. म्हणून खोका उघडायचा, पट्टी वेगळ्या रिकाम्या खोक्यात घ्यायची, मऊ सुती कापडाच्या दोन घड्यांमधून हळूहळू सरकवायची, कापड बदलत राहायचे, आणि तोंडाला मास्क लावायचा, कारण ती पूड छातीत जाणे चांगले नाही. एका कॅसेटमागे संध्याकाळ गेली. मग यंत्रात घातली. पहिली दोन-तीन मिनिटे पडद्यावर नुसत्या मुंग्या आणि खालच्या कडेला थरथरणारी रेघ. ट्रॅकिंग जुळवले आणि चित्र बसले: १९८७ च्या ३१ डिसेंबरच्या रात्रीचा 'व्हिसल टेस्ट'चा निरोपाचा कार्यक्रम, मधूनमधून जुन्या भागांतले तुकडे. यातले बहुतेक सगळे बीबीसीकडे आहे, त्यामुळे शोध वगैरे काही लागला नव्हता. तरीही मधली निवेदिका, घड्याळ, पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात, त्या रात्री घरात बसलेल्या माणसाने जसे बघितले तसेच्या तसे समोर होते. त्याच पिशवीतल्या इतर काही कॅसेट मात्र गेल्या त्या गेल्याच. पट्टी एकमेकांना चिकटून सोलत होती. लेबलावर हिरव्या बॉलपेनने बँडची नावे लिहिलेली होती. त्या कॅसेटमध्ये काय होते हे आता फक्त त्या लेबलावरून कळते.

आता तुमच्या बाजूने जी कारणे सांगितली जातात त्यांच्याकडे येतो. सगळी खोटी नाहीत.

भीतीचे कारण खरे आहे. विनोदी कलाकार बॉब मंकहाउस हे ब्रिटनमधले फार मोठे संग्राहक होते. चित्रपटांच्या प्रती बेकायदा बाळगल्याच्या आरोपावरून त्यांच्या घरावर छापा पडला, १९७९ मध्ये खटला उभा राहिला. ते निर्दोष सुटले, पण जप्त केलेल्या संग्रहातला बराच भाग त्यांना परत मिळाला नाही. तो धसका त्या पिढीतल्या संग्राहकांनी घेतला आणि पुढच्यांना दिला. पण त्याच मंकहाउस यांच्या घरातून, ते २००३ मध्ये गेल्यावर, हरवलेले मानले गेलेले कितीतरी कार्यक्रम निघाले आणि आज त्यांचे नाव आदराने घेतले जाते. काळ बदलला आहे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट १९९३ पासून हरवलेले कार्यक्रम शोधून दाखवते आहे. बर्मिंगहॅमची कॅलिडोस्कोप ही संस्था याच कामाला वाहिलेली आहे. टेप कुठून आली, कशी आली, याची उलटतपासणी करण्यात त्यांना रस नाही, त्यांना कार्यक्रम हवा आहे. नाव गुप्त ठेवा म्हणालात तर तेही ऐकतील.

दुसरे कारण विश्वासघाताचे, आणि इथे माझी पूर्ण सहानुभूती तुमच्याकडे आहे. कॅसेटच्या जमान्यात चाहत्यांचा एक अलिखित नियम होता: कोरी कॅसेट आणि टपालखर्च पाठवा, प्रत फुकट घ्या, पुढे विकू नका. त्या नियमावर माणसे एकमेकांचे तोंड न बघता देशोदेशी पार्सले पाठवत. मग कुणीतरी तुमची प्रत घेतली, चकचकीत कव्हर लावले आणि जत्रेत, दुकानात, पुढे ऑनलाइन डीव्हीडी म्हणून विकली. तुमचे नाव नाही, आभार नाहीत. राग येणारच. पण त्या विक्रेत्याचा धंदा कशावर चालतो? टंचाईवर. जी फीत चांगल्या दर्जात सगळ्यांना फुकट मिळते तिची डीव्हीडी कोण विकत घेईल? तुम्ही दडवून ठेवता तेव्हा त्याच्याच मालाचा भाव वाढवता.

तिसरे कारण क्वचित कुणी तोंडाने बोलते. "माझ्याकडे आहे आणि तुझ्याकडे नाही." अदलाबदलीच्या व्यवहारात दुर्मिळ फीत म्हणजे हुकमी पान, ती सगळ्यांना दिली की पुढच्या वेळी बदल्यात मागायला काही उरत नाही. या कारणाला माझ्याकडे सहानुभूती नाही. गाणे तुम्ही लिहिले नाही, वाजवले नाही, चित्रित केले नाही. तुम्ही ते जपले, आणि त्याबद्दल तुमचा मान मोठा आहे. पण जपणाऱ्याचा मान त्याने ते पुढे दिले तरच त्याला मिळतो. मंकहाउस आणि हेनशॉल यांची नावे मी इथे लिहितोय ती त्यांच्या टेपा लोकांनी बघितल्या म्हणून.

हक्कांबद्दलही दोन शब्द हवेत. ब्रिटनमध्ये टीव्ही प्रसारणाचा हक्क पन्नास वर्षांनी संपतो, म्हणजे १९७२ चे प्रसारण त्या अर्थाने मोकळे झाले. पण गाण्याचा आणि प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क त्याहून लांब चालतो, तेव्हा 'आता सगळे मोकळे आहे' अशा भ्रमात राहू नका. म्हणूनच पैसा घ्यायचा नाही, ही जुनी रीत आजही पाळायला हवी. जे अधिकृतपणे विकत मिळते ते विकतच घ्यावे. क्वीनचा २४ डिसेंबर १९७५ चा लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियन सभागृहातला कार्यक्रम बीबीसी टू आणि रेडिओ वन यांनी एकाच वेळी थेट दाखवला-ऐकवला; पुढची चाळीस वर्षे चाहते त्याच्या प्रतींच्या प्रती करत राहिले. २०१५ मध्ये तो अधिकृतपणे आला तेव्हा माझ्या ओळखीतल्या ज्या ज्या माणसाकडे जुनी कॅसेट होती त्या प्रत्येकाने तो विकत घेतला. इतकी वर्षे त्या कार्यक्रमाची भूक जागी कोणी ठेवली, याचा विचार हक्कधारक कंपन्यांनी जरूर करावा. जे विकायला काढलेले नाही, काढणारही नाही, आणि ज्याची मूळ टेप स्वतःकडे नाही, अशी चाहत्यांनी ठेवलेली फीत यंत्राच्या एका इशाऱ्यावर इंटरनेटवरून उडवून लावण्याआधी त्यांनी निदान तिची प्रत उतरवून घ्यावी.

आता देणार असाल तर कशी द्यावी हेही सांगू द्या, कारण अलीकडे द्यायच्या नावाखाली फितींचे फार हाल चालले आहेत.

कच्ची प्रत द्या. साफसफाई केलेली, रंग चढवलेली, कृत्रिम बुद्धिमत्तेने 'फोर-के' केलेली नको. त्या प्रोग्रॅमला बोवीचा चेहरा माहीत नसतो. तो धूसर ठिपक्यांच्या जागी त्याला वाटेल तसले डोळे नि दात काढतो, आणि गिटारच्या तारा मध्येच सहाच्या सात होतात. चौकोनी चित्र ताणून रुंद पडद्यावर बसवू नका; चपटे आणि जाडे झालेले 'जेथ्रो टल' बँडचे इयन अँडरसन मला बघवत नाहीत. आणि एक चूक तर जवळपास सगळेच करतात. त्या काळच्या ब्रिटिश व्हिडिओत सेकंदाला पन्नास अर्धी चित्रे असत. संगणकावर उतरवताना बहुतेक जण त्यांची पंचवीस पूर्ण चित्रे करून मोकळे होतात, आणि हालचालीतला निम्मा जिवंतपणा तिथेच मरतो. ब्रुफर्डचा हात ड्रमवर पडताना बघा, फरक लगेच कळेल. पन्नासच ठेवा, फाइल मोठी झाली तर होऊ दे.

नको वाटणारा दोषसुद्धा पुसू नका, याला एक फार सुंदर कारण आहे. बीबीसीचे काही रंगीत कार्यक्रम परदेशी विकण्यासाठी कृष्णधवल फिल्मवर उतरवले जात. रंगीत मूळ टेप पुसली गेली, फिल्म तेवढी उरली. त्या फिल्मवर बारीक ठिपक्यांची जाळी दिसे, डोळ्याला टोचणारी. पुढे काही इंजिनिअरांच्या लक्षात आले की ही जाळी म्हणजे मूळ रंगांचा संकेतच आहे, फिल्मवर छापला गेलेला. तिच्यावरून त्यांनी रंग परत काढले. 'डॅड्स आर्मी' या मालिकेचा १९६९ चा एक भाग तसा रंगीत होऊन २००८ मध्ये पुन्हा दाखवला गेला. मध्यंतरी कुणी हौसेने ती जाळी 'साफ' करून फक्त तेवढीच प्रत ठेवली असती तर? तेव्हा आज कचरा वाटणारे उद्या कुणाच्या उपयोगाचे ठरेल हे आपण ठरवू नये. सुरुवातीचे घड्याळ, निवेदकाचे वाक्य, शेवटी दोन सेकंद आलेल्या बातम्या, सगळे राहू द्या. तारीख त्यावरूनच लागते.

सोबत एक साधी मजकुराची फाइल ठेवा: कुठला कार्यक्रम, कोणत्या दिवशीचा, टेप कोणत्या जातीची, थेट टीव्हीवरून घेतलेली की प्रतीची प्रत, कोणत्या यंत्रावर वाजवली. माहीत नसेल तर माहीत नाही असे लिहा. आणि चित्रावर स्वतःचे नाव छापू नका. या फाइलीत छापा, अभिमानाने छापा, आणि ज्यांनी ती फीत तुम्हाला दिली त्यांचेही, ते हरकत घेणार नसतील तर.

आवाजवाल्यांनाही विनंती आहे. बीबीसीच्या 'साइट अँड साउंड इन कॉन्सर्ट'मध्ये १९७७ पासून चित्र टीव्हीवर आणि तोच कार्यक्रम स्टिरिओत रेडिओवर अशी सोय होती. जेथ्रो टलचा १९७७ चा गोल्डर्स ग्रीनचा कार्यक्रम असाच झाला. तेव्हा कितीतरी लोकांनी फक्त रेडिओ टेप केला. ज्याच्याकडे चित्र आहे त्याचा आवाज घोगरा आणि ज्याच्याकडे सुरेख आवाज आहे त्याच्याकडे चित्रच नाही, असे आजही होते. दोघांनी एकमेकांना शोधले पाहिजे. घरी टीव्हीसमोर मायक्रोफोन धरून घेतलेली, मागे आई चहाला हाक मारतेय अशी ऑडिओ कॅसेटही टाकू नका. पुसलेल्या कित्येक कार्यक्रमांचे तेवढेच उरले आहे.

मुंबईकरांशी थोडे वेगळे बोलायचे आहे. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन स्टुडिओत 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी नव्याने रेकॉर्ड केली, आणि कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क'मध्ये वाजवूनही गेले. ते रेकॉर्डिंग कित्येक दशके चाहत्यांच्या कॅसेटवरच फिरत होते. २०१५ मध्ये ते अधिकृतपणे आले तेव्हा त्यावर नाव आले 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. त्या दिवशी स्टुडिओत सारंगी, तबला, बासरी घेऊन बसलेल्या माणसांचे काही फोटो, घरगुती आठ मिलिमीटर फिल्म, एखादी डायरी कुणाकडे असेल तर ती या शहरातल्याच कुठल्या तरी माळ्यावर आहे. त्या वादकांच्या मुलानातवंडांपर्यंत हे पत्र पोचले तर कृपया माळा एकदा बघा.

आणि ब्रिटनमध्ये साठ-सत्तरच्या दशकांत गेलेल्या आपल्या डॉक्टर-इंजिनिअर मंडळींच्या घरच्यांनो, तुम्हाला तर ही गोष्ट रॉकची वाटतच नसेल. वडिलांना त्या संगीताशी देणेघेणे नव्हते. पण घरात लवकर रेकॉर्डर आला असेल आणि धाकट्या काकाने दर गुरुवारी तो लावला असेल. घर विकताना, आवरताना त्या चौकोनी जाड कॅसेट कचऱ्याच्या पेटीत टाकण्याआधी मला, किंवा वर सांगितलेल्या संस्थांना, नुसता लेबलांचा फोटो पाठवा. यंत्र नसेल तर यंत्राची काळजी आम्ही करू. कॅसेट उभी ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आणि घरातल्या जुन्या व्हीसीआरवर 'बघू चालते का' म्हणून लावू नका.

शोध कशाचा चालू आहे ते वर आलेच आहे: क्वीन, २१ फेब्रुवारी १९७४. किंग क्रिमसन, मार्च १९७०. 'डिस्को टू', १९७० पासूनचे काहीही. १९७६ च्या आधीचा 'टॉप ऑफ द पॉप्स'चा कुठलाही भाग. लेबलावर यातले काही नसले तरी निराश होऊ नका. टेप महाग होती, घरचे लोकही तिच्यावर पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करत. वर क्रिकेट किंवा मालिका लिहिलेली असेल तर योग्य यंत्रावर प्रत उतरवताना ती संपू द्या आणि टेप अगदी शेवटपर्यंत चालू ठेवा. नवे रेकॉर्डिंग जिथे तुटते तिथून पुढे जुने काही मिनिटे उरलेले असते.

तुमचा,
पुण्याचा एक रॉकप्रेमी